छोट्या जिमची फी भरण्याआधी

वर्षभराची फी एकदम भरू नकोस, सूट कितीही घसघशीत असली तरी. आधी एकच महिना घे. मोठ्या साखळी जिमपेक्षा फी जास्त वाटली, तर तू खरंच जाशील त्या दिवसांनी ती भागून बघ. आठवड्यातून तीनदा गेलास तर महिन्याला १२-१३ खेपा होतात. एकदाच गेलास तर तीच खेप तिप्पट महाग.

बघायला गर्दीच्या वेळीच जा. स्क्वॉट रॅकसाठी (खांद्यावर बार घेऊन उठाबशा काढायचा स्टँड) किती थांबावं लागतं ते कळेल. १.२५ किलोच्या प्लेट्स आहेत का, हे मुद्दाम विचार. बारच्या दोन्ही बाजूंना त्या लावल्या की वजन २.५ किलोनेच वाढतं. त्या नसतील तर २.५ किलोच्या लावाव्या लागतात, म्हणजे उडी थेट ५ किलोची, आणि ओव्हरहेड प्रेसमध्ये (बार डोक्यावर ढकलायचा व्यायाम) नवख्याची गाडी तिथेच अडते. चकचकीत ट्रेडमिलच्या रांगेपेक्षा मला हीच गोष्ट जास्त सांगून जाते.

छोट्या जिममध्ये बऱ्याचदा मालक स्वतः हजर असतो. डेडलिफ्टला (जमिनीवरून बार उचलताना) पाठ वाकली की न विचारता टोकतो. (काही जण मात्र दिवसभर काउंटरवर मोबाइलमध्येच!) आजारी पडल्यास मेंबरशिप पुढे ढकलता येते का, ते पावतीवरच लिहून घे.