लाकडी केबिनच्या भिंतीत थर्माकोल भरू का?

प्रश्न: नाशिकला मखमलाबाद रोडला घरामागच्या बागेत लाकडी ऑफिस केबिन करून घेतलीये. चार इंची फ्रेम, बाहेरून पाइनच्या फळ्या, आतून अजून उघडंच आहे. एप्रिलमधे एसी बंद केला की लगेच भट्टी, आणि डिसेंबरात सकाळी कीबोर्डवर बोटं चालत नाहीत. सुतार म्हणतो थर्माकोल ठोकतो, वर प्लाय मारतो, झालं काम. करू का?

उत्तर: प्लाय मारायच्या आधी विचारलंत ते बरं केलंत. थर्माकोल उष्णता चांगली अडवतो, रॉकवूलच्या (दगड वितळवून केलेली, लोकरीसारखी इन्सुलेशनची जाड पट्टी) तोडीस तोड, पण लाकडी भिंतीत नको. पटकन पेटतो, मुंग्या-उंदीर पोखरून आत संसार थाटतात, आणि पीव्हीसी वायर त्याला टेकून राहिली तर तिचं कव्हर हळूहळू कडक होऊन तडकतं. त्यापेक्षा रॉकवूलच्या स्लॅब आणा. गाळ्याच्या (फ्रेमच्या दोन उभ्या लाकडांमधल्या जागेच्या) मापापेक्षा किंचित मोठा तुकडा कापा म्हणजे घट्ट बसतो, पण कोंबायचा नाही, दाबला की आतली हवा जाते आणि काम तर तीच करत असते. मास्क, ग्लोव्हज, फुल शर्ट घालूनच हात लावा, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल.

आता पावसाचं. जून ते सप्टेंबर तुमच्या फळ्या ओल्याच राहणार, त्यांना मागून वारा लागला नाही तर कुजतील, म्हणून रॉकवूल थेट फळीला चिकटवू नका. फ्रेमच्या आत फळीलगत 25 मिमीच्या पट्ट्या मारा, त्यावर ब्रीदर मेम्ब्रेन स्टेपल करा (पाणी अडवतं, वाफ जाऊ देतं), मग 75 मिमी रॉकवूल, चार इंच बरोब्बर भरतात. फळी आणि मेम्ब्रेनमधे राहिलेल्या फटीला खाली-वर तोंड उघडं ठेवा आणि बारीक जाळी लावा. आतल्या बाजूला प्लॅस्टिक शीट लावायची जी टीप सगळीकडे दिसते ती थंड देशातली आहे, आपल्याकडे पावसाळ्यात आत एसी चालू असला की बाहेरची दमट हवा त्याच प्लॅस्टिकवर येऊन पाणी धरते. शीट नकोच. वाळवीचं औषधही भिंत बंद करायच्या आधी मारून घ्या, आणि प्लायऐवजी जिप्सम बोर्ड लावलात तर आगीच्या दृष्टीने बरं.

छताचं मात्र तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य नाशिकच्या अगदी डोक्यावर असतो, त्यामुळे वर नुसता पत्रा असेल तर भिंतींना कितीही खर्च करा, एप्रिल-मे तसाच जाणार. बजेट कमी असेल तर आधी छत, मग पश्चिमेची भिंत, बाकीच्या दोन-तीन पुढच्या वर्षी केल्या तरी चालतील.