‘नळी लागली म्हणजे माणूस संपला’

प्रश्न : मामाजींचं (माझ्या सासऱ्यांचं) गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आता नागपुरात शेक (रेडिएशन) सुरू आहेत, ३० पैकी १४ झाले. वजन ५८ वरून ५३ किलोवर आलं. डॉक्टर नाकातून नळी टाकू म्हणतात. मामाजी म्हणतात, ‘नळी लागली म्हणजे माणूस संपला.’ घरचे म्हणतात, तोंड बरं होईस्तोवर आठ दिवस गावी आणा, कापूसही वेचायचा आहे. काय करावं?
– एक सून, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, गावी आणू नका. मध्येच शेक थांबले की उरल्यासुरल्या कॅन्सरच्या पेशी पुन्हा वाढायला लागतात. आणि तोंड आठ दिवसांत बरं होत नाही. शेकामुळे तोंडात येणारे फोड शेवटच्या शेकापर्यंत वाढत जातात, नंतरही दोन-चार आठवडे राहतात. खाण्याचे खरे कठीण दिवस अजून यायचे आहेत.

महिन्यात पाच टक्के वजन गेलं तरी आम्हा आहारतज्ज्ञांना काळजी वाटते. मामाजींचं साडेआठ टक्के गेलंय. शेकाच्या काळात ज्यांचं वजन फार घसरतं ते कमी जगतात, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. काहींचा आजारच मुळात मोठा असतो, हेही त्यामागे आहे. पण उपासमार आपण थांबवू शकतो.

माझ्या सख्ख्या मामांनीही नळी नको म्हटलं होतं, आणि मी त्यांच्या होला हो केलं. पाचव्या आठवड्यात चेहरा इतका उतरला की शेक देताना डोकं हलू नये म्हणून लावतात तो मास्क ढिला झाला. नवा बनेपर्यंत शेक बंद. ते दिवस मला अजून टोचतात.

मामाजींना रोज साधारण १६०० कॅलरी आणि ६५ ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत. नुसत्या वरणाच्या पाण्यावर हे भागत नाही. गिळता येतं तोवर ज्वारीच्या मऊ कण्या दुधात तूप घालून, उकडलेलं अंडं कुस्करून, दाण्याचं बारीक कूट दुधात शिजवून द्या. तिखट, आंबट, गरम नको. खर्रा (तंबाखू-सुपारी) तर अजिबात नको. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ, एक चमचा खायचा सोडा. त्याच्या गुळण्या दिवसातून अनेकदा. नळीतून काय, किती द्यायचं ते दवाखान्यातूनच शिकून घ्या.

आता हे मामाजींना वाचून दाखवा. काकाजी, नळी पोटाला अन्न पोचावं म्हणून आहे. ती असतानाही डॉक्टर हो म्हणतील तर पाण्याचे घोट गिळत राहा, म्हणजे घशाची सवय मोडणार नाही. तोंडानं पुरेसं जेवण जमलं की नळी काढतात, त्याला ऑपरेशन लागत नाही.