अपडेट चालू असताना वीज गेली, आता राउटरचा फक्त पॉवरचा दिवा लागतो. टीपी-लिंकचा आर्चर सी७ (व्ही२, म्हणजे हार्डवेअरचं दुसरं व्हर्जन) वाचेल का?

बहुतेक वाचेल. फर्मवेअर (राउटरचं आतलं सॉफ्टवेअर) बिघडलं तरी बूटलोडर, म्हणजे राउटर चालू होताना सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम, फ्लॅश मेमरीच्या वेगळ्या भागात असतो, अपडेट सहसा त्याला हात लावत नाही. नुसता रिसेट दाबून उपयोग नाही, त्याने फक्त सेटिंग पुसली जातात.

दुसऱ्या नेटवरून तुमच्याच हार्डवेअर व्हर्जनची फर्मवेअर फाइल उतरवा. राउटरच्या खालच्या स्टिकरवर 'व्हर' लिहिलेलं असतं, ते नीट बघा. व्ही४ची फाइल व्ही२ला घातलीत तर आणखी घोळ. कॉम्प्युटर लॅन पोर्टला जोडा (निळ्या वॅनला नव्हे), वाय-फाय आणि फायरवॉल बंद करा, कॉम्प्युटरला आयपी हाताने १९२.१६८.०.६६ द्या. कॉम्प्युटरवर टीएफटीपी सर्व्हर (राउटरला फाइल पुरवणारा छोटा प्रोग्रॅम) चालू करून त्याच्या फोल्डरमध्ये ती फाइल ठेवा. बूटलोडर ठरावीक नावाचीच फाइल मागतो: 'आर्चरसी७व्ही२', मग 'टीपी', मग 'रिकव्हरी', मध्ये अंडरस्कोर, शेवटी डॉट बिन, सगळं इंग्रजी लिपीत. कुठलं अक्षर कॅपिटल की स्मॉल अशी शंका आली तर सर्व्हरच्या लॉगमध्ये (नोंदींमध्ये) राउटरने मागितलेलं नाव दिसतं, तेच फाइलला जसंच्या तसं द्या.

आता रिसेट दाबून धरूनच राउटर चालू करा. लॉगमध्ये फाइल गेलेली दिसली की बटण सोडा आणि काही मिनिटं कशालाही हात लावू नका. या वेळी राउटर इन्व्हर्टरवर असू द्या.

लॉग कोराच राहिला तर आधी फायरवॉलवर संशय घ्या. मध्ये एखादा साधा स्विच जोडला तरी बऱ्याचदा काम होतं, कारण राउटर चालू होताना कॉम्प्युटरचं लॅन क्षणभर तुटतं आणि नेमकी तीच वेळ हुकते.