जुनी एमजीबी घेतोय, रंग नुकताच झालाय. आतला गंज कसा ओळखू?

तुमच्या प्रश्नावरून एवढं कळलं: 1970 ची एमजीबी रोडस्टर (एमजीची दोन सीटची, छप्पर नसलेली ब्रिटिश गाडी), वीसेक वर्षं मुंबईत होती, गेली काही वर्षं पुण्यात आहे, मालकांनी विकायच्या आधी पूर्ण रंग करून घेतलाय आणि इंजिन पहिल्याच सेल्फला चालू होतंय. रविवारी तुम्ही गाडी बघायला जाणार आहात.

इंजिनची काळजी सध्या बाजूला ठेवा. एमजीबीचं 1798 सीसी इंजिन आणि आपल्या जुन्या अँबॅसडरचं 1489 सीसी इंजिन एकाच घराण्यातली, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-सिरीजमधली. त्या घराण्यावर हात बसलेले मिस्त्री पुण्यात अजून भेटतात. इंजिन बिघडलं तर उतरवून खोलता येतं. पत्रा कुजला असेल तर मात्र उतरवणार काय? या गाडीला वेगळी चॅसीच, म्हणजे खालचा सांगाडाच नाही.

आपल्याकडच्या स्टँडर्ड हेराल्डला खाली चॅसी होती आणि बॉडी वर बोल्टने बसवलेली. 1962 साली एमजीबी आली ती मोनोकॉक म्हणून. पत्र्याच्या पोकळ पेट्या एकमेकींना जोडलेल्या आणि सगळा भार त्यांच्यावरच. त्यात रोडस्टरला छप्पर नाही, म्हणजे वरून आधार शून्य. पुढची चाकं आणि मागची चाकं यांना धरून ठेवतो तो दाराखालचा उंबरा, म्हणजे सिल. आत बसताना तुम्ही ज्याच्यावरून पाय टाकता तोच. बाहेरून एकच पट्टी दिसते, पण ती थरांची पेटी आहे: बाहेरचा पत्रा, मधला पडदा, आतला पत्रा आणि त्यांच्या तळाशी जिला कॅसल रेल म्हणतात ती पट्टी. पेटीतलं पाणी निघून जायला खाली जागा ठेवलेली असते. ती चिखलाने बुजली की पाणी आत मुरतं आणि पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेर रंगाला फोड दिसतो तेव्हा आतलं काम बहुतेक उरकलेलं असतं.

हे मी पैसे मोजून शिकलोय. 2008 मध्ये मुंबईहून एक लाल एमजीबी आणली होती. रंग असा की त्यात समोरचं झाड दिसायचं. पहिल्याच पावसाळ्यात, जुलैमध्ये, डाव्या सिलवर मागच्या चाकाजवळ मोहरीएवढे तीन फोड आले. नखाने दाबलं तर पापुद्रा सुटला आणि खाली गुलाबी लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी दिसली. भोसरीतल्या एका डेंटरकाकांकडे गाडी नेली. त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सिलवर पुढून मागे ठोकत यायला सुरुवात केली. टण्, टण्, टण्, आणि मग थप्प. थप्प वाजलं तिथे त्यांनी छिन्नी लावली. वरून लांबी निघाली, तिच्याखाली फायबरचा थर, त्याच्याखाली बारीक तारेची जाळी, आणि जाळीला टेकू म्हणून कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा. ओला. पत्रा नव्हताच. काका शांतपणे म्हणाले, "दादा, आता ही गाडी दारं उघडी ठेवून जॅकवर घेऊ नका. मधूनच बसेल." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. याच सिलच्या भरवशावर मी बायकोला शेजारी बसवून घाट उतरलो होतो.

त्यामुळे विकण्याआधी मारलेला ताजा रंग हा माझ्या लेखी गुण नाही. मालक खोटं बोलतायत असं मी म्हणत नाही. पुष्कळदा त्यांनाही पेंटरने खाली काय भरलंय ते माहीत नसतं. पण रंगाचे जास्तीचे पैसे देऊ नका. फिकट, जागोजागी टवके उडालेली पण मूळ पत्र्याची गाडी मिळत असेल तर मी डोळे झाकून तिच्याकडे वळेन.

बरोबर न्यायच्या वस्तू साध्या आहेत. फ्रिजला लावतो तसलं एक कमी ताकदीचं चुंबक, मऊ कापडात गुंडाळून. टॉर्च. बसायला जुनी सतरंजी. बोथट स्क्रूड्रायव्हर. फोनला जोडायचा वायरीचा कॅमेरा मिळाला तर उत्तम. जास्त ताकदीचं चुंबक नको, ते लांबीच्या जाड थरावरूनही पत्रा पकडतं आणि तुमची फसगत होते. रंगाची जाडी मोजायचं यंत्र एखाद्या डिटेलिंगवाल्याकडून मागून आणता आलं तर आणा. कारखान्यातला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो. पुन्हा रंगवलेल्या गाडीत 200-300 दिसलं तर घाबरू नका. आकडा हजाराच्या घरात गेला की खाली लांबी आहे असं समजा.

मालकांना आधी विचारा. "काका, कापडातून चुंबक लावून बघू का? खालून बघितलं तर चालेल ना?" गाडीवर जीव असलेला माणूस याला नाही म्हणत नाही, उलट स्वतः टॉर्च धरून उभा राहतो. आणि खालून बघायला नकार आलाच, तर चहा घ्या आणि निघा.

आता सिल. सतरंजीवर आडवे व्हा आणि सिलच्या अगदी तळाची शिवण बघा, जिथे सगळे पत्रे एकत्र येऊन खाली कड निघते. मूळ कामात त्या कडेवर ठरावीक अंतराने स्पॉट वेल्डचे बारके खळगे असतात. कड गुळगुळीत, जाड, काळ्या कोटिंगने लिंपलेली असेल तर कुणीतरी काहीतरी झाकलंय. दुसरी खूण पुढच्या मडगार्डपाशी. पुढचं मडगार्ड बोल्टवर आहे आणि खरी सिल त्याच्या आतून पुढे जाते. नीट काम करणारा मडगार्ड उतरवून सिल बदलतो. स्वस्तात उरकणारा मडगार्ड जागेवर ठेवून त्याच्या कडेपर्यंतच नवा पत्रा चिकटवतो, कुजलेल्या जुन्या पत्र्यावरच. बाहेरून चकचकीत, आत तीच सड.

मग दारांच्या फटी. दार बंद करून मागची फट वरपासून खालपर्यंत बघा. वर बारीक आणि खाली रुंद होत गेली असेल तर गाडी मधून खचायला लागलीय. त्यानंतर मालकांच्या परवानगीने, दार बंद ठेवूनच, सिलखालच्या जॅकच्या जागी जॅक लावून ती बाजू चाक जमिनीवरून जेमतेम सुटेल इतकीच उचला. स्वतः खाली शिरू नका, हातही घालू नका. एक डोळा त्या फटीवर ठेवा. फट तशीच राहिली आणि दार आधीसारखंच उघडलं-मिटलं तर पाठीचा कणा शाबूत आहे. फट कमी-जास्त झाली, दार घासायला लागलं, किंवा जॅकपाशी करकर आवाज येऊन पत्रा आत दबला, तर तिथेच थांबा. या एका परीक्षेवर मी इतर सगळ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतो.

सिल पास झाली तर पुढचं. सीटच्या मागचं झाकण उघडा. 1970 च्या गाडीत तिथे खाली सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांच्या पेट्या असतात (नंतर कुणी एकच बारा व्होल्टची बसवली असेल). ॲसिड आणि पाणी दोन्ही तिथेच सांडतं. त्याच भागात मागच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) पुढची टोकं बॉडीला अडकवलेली असतात. पेटीचं बूड गेलेलं चालेल, पाट्यांच्या टोकाजवळचा पत्रा गेलेला चालणार नाही.

पायाखालचं कार्पेट उचलाच. या गाडीत हीटरला हवा जाण्यासाठी काचेपुढे जाळी आहे. तिच्यातून आलेलं पावसाचं पाणी एका नळीवाटे गिअरबॉक्सच्या बोगद्याकडे उतरतं. झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीत गुलमोहराची ती इवली पानं जाळीतून आत पडतात आणि नळीत लगदा होऊन बसतात. मग पाणी मागे फिरून पायाशी उतरतं. कार्पेटखालचा थर हाताने दाबा आणि वास घ्या. कुबट वास रंगाने झाकता येत नाही.

पुढच्या चाकाच्या मागे, मडगार्डच्या आत, चिखल साचायची जागा आहे; तिथे बोटं घालून बघा. मागच्या चाकाच्या पुढचा वळणाचा तुकडा चुंबकाने तपासा. पेट्रोलची टाकी डिकीच्या खाली टांगलेली असते आणि तिच्या वरच्या बाजूला ओल धरून राहते, म्हणून ती वरून कुजते. टाकी अर्धी असताना काही कळत नाही, पूर्ण भरली की वास येतो. आता पंपावर ई20, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल ओलावा ओढून घेतं, तेव्हा टाकीत आतूनही कॅमेरा घालून बघा. दाराच्या पत्र्याला तिकोनी काचेखाली उभी चीर असेल तर ती या मॉडेलची जुनी खोड आहे, तिच्यावरून सौदा मोडू नका.

मुंबईची वीस वर्षं हलकी समजू नका. तिथे वर्षाला 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस, आपल्याकडे शहरात साधारण 700-750. आणि समुद्राच्या हवेतलं मीठ शिवणींमध्ये जाऊन बसतं, ते गाडी घाट चढून आली म्हणून निघून जात नाही. पुण्यात येऊन सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या कव्हरखाली उभी असेल तर ओल आणखीच कोंडलेली. गाडी विलायतेतून आलेली असेल तर तिथले हिवाळेही धरा, तिकडे बर्फासाठी रस्त्यांवर मीठ टाकतात.

आता पैशांचं. पुढची मडगार्डं, दारांचा पत्रा, डिकीचं बूड, बॅटरीच्या पेट्या, टाकी एवढं खराब निघालं तरी किंमत पाडून गाडी घ्यावी. सिल, कॅसल रेल, पाट्यांची टोकं आणि दाराच्या बिजागरीचा खांब यांपैकी दोन ठिकाणी सड निघाली तर मी घेणार नाही. तरीही मन अडकलंच, तर सिलचं काम अशाकडे द्या जो पत्रा कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवे अँगल वेल्ड करून घेतो. माझ्या गाडीला भोसरीच्या काकांनी तसे अँगल लावून चार महिने काम केलं आणि दारं आजही एका बोटाने लागतात. इंग्लंडमध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज 1988 पासून या गाडीची पूर्ण नवी बॉडी बनवतं, पण ती इथवर आणायचा खर्च काढलात तर हीच गाडी नीट पारखून घेणं कितीतरी स्वस्त.

कागद बघताना आरसीवरचा चॅसी नंबर गाडीवरच्या पट्टीशी जुळवा. गाडी पन्नाशीपुढची आहे, म्हणजे 2021 च्या व्हिंटेज नियमांखाली व्हीए मालिकेत नोंद करता येते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, फेरनोंदणीची 5,000. पण व्हिंटेज नोंदणीवर रोजच्या वापराला परवानगी नाही, हेही लक्षात घ्या.

रविवारी सकाळी लवकर जा, उन्हात रंग तापून चकाकायच्या आत. दोन्ही सिलच्या तळाच्या शिवणीचे फोटो पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत सलग काढा आणि जॅक लावण्याआधी व नंतर दाराच्या फटीचे काढा. ते मला पाठवलेत तर रात्री बसून एकेक बघतो. तोवर टोकन देऊ नका.