घोडा कुठून आला?

प्रिय बाळ,

तुझ्या कादंबरीची चाळीस पानं वाचली, नकाशाही पाहिला. नकाशा सुरेख काढलायस. पत्रात मात्र तीन वेळा एकच विचारलंयस: मला हे लिहायचा अधिकार आहे का? कुणी म्हणालं, चीन-मंगोलियावर तू लिहिणं म्हणजे चोरी. दुसरं कुणी म्हणालं, सगळीकडचं थोडं थोडं घे. तलवारी जपानी, तंबू मंगोल, नावं संस्कृत, खपतं. आणि तू मधल्यामध्ये लिहिलेली पानं फाडत बसली आहेस.

अधिकाराचं नंतर बघू. बाराव्या पानावर तुझी राणी चाळीस हजार स्वार घेऊन एका परिच्छेदात वाळवंट पार करते. मला सांग, हे घोडे कुठून आले?

हसू नकोस. मंगोल स्वार एका घोड्यावर निघत नसे, बदलीचे घोडे सोबत असत. माणशी तीनच धर, एक लाख वीस हजार झाले. घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं, उन्हात त्याहून जास्त. तुझ्या वाळवंटात मला एक विहीर दिसली नाही.

चीनच्या हान सम्राट वूला मध्य आशियातल्या फरगाणा खोऱ्यातले घोडे हवे होते. रक्ताचा घाम गाळणारे स्वर्गीय घोडे, अशी त्यांची ख्याती. इ.स.पू. १०४ मध्ये त्याने फौज धाडली. वाटेतल्या छोट्या छोट्या राज्यांनी वेशी लावून घेतल्या, दाणा दिला नाही. फौज उपाशीपोटी मार खाऊन परतली, तर सरहद्दीवर सम्राटाचा हुकूम तयार: यूमेनच्या दरवाज्यातून आत येईल त्याचं डोकं उडवा. दुसऱ्या खेपेला साठ हजार माणसं गेली आणि परत आली ती दहा हजारांच्या आसपास. हाती काय लागलं? अव्वल घोडे काही डझन, दुय्यम प्रतीचे तीन हजारांवर. त्या काळचा इतिहासकार सिमा छियान लिहितो की या वेळी दाणागोटा कमी नव्हता, लढाईतही फार माणसं पडली नाहीत. अधिकारी हावरे होते, शिपायांच्या जिवावर चरले, म्हणून माणसं मेली. बंद दरवाज्याबाहेर उभा असलेला तो शिपाई तुला दिसतो का? मला गेली तीस वर्षं दिसतोय. घोडा कुठून आला, एवढंच विचारलं की तो समोर येऊन उभा राहतो.

तुझा ड्रॅगन आग ओकतो. ओकू दे, पण मग त्याला चिनी मिशा आणि मोती देऊ नकोस. चीनमधला ड्रॅगन पाण्याचा धनी, पाऊस त्याच्या हातात. दुष्काळात नवस करूनही पाऊस पडला नाही, तर लोक ड्रॅगनराजाची मूर्ती देवळाबाहेर काढून रणरणत्या उन्हात ठेवत: भोग, तुलाही कळू दे. आपण देव पाण्यात घालून बसतो, ते उन्हात ठेवत. यावर तू अख्खा अध्याय लिहू शकतेस, आणि तू काय लिहिलंस? 'त्याच्या नाकपुड्यांतून ज्वाळा निघाल्या.' रागावलोय खरा. ज्या मुलीला असा नकाशा काढता येतो, तिने असं वाक्य लिहावं?

भेसळीचं म्हणशील तर भेसळीला माझी हरकत नाही. आशियात ती पदोपदी आहे. कंबोडियाचे राजे जयवर्मन आणि सूर्यवर्मन होते. मंगोल माणसाचं नाव ओचिर असतं. ते मूळचं आपलं 'वज्र', बौद्ध ग्रंथांबरोबर निघून मध्य आशियातल्या उइघुर लोकांच्या तोंडून जाता जाता झिजलेलं. म्हणजे तुझ्या तंबूत संस्कृत नाव बसू शकतं, फक्त ते कोणत्या वाटेने आणि कुणाच्या पाठीवरून आलं हे तुला ठाऊक हवं. पुस्तकात लिहू नकोस, ठाऊक असू दे. घोड्याचंच आहे हे पुन्हा, नावाच्या वेशात.

मी हे सगळं शहाणपणाने सांगत नाहीये, पोळल्यामुळे सांगतोय. माझ्या पहिल्या कादंबरीत फौज बर्फातून अकरा दिवस चालते. घोडे पाळणाऱ्या एका वाचकाने एका ओळीचं पत्र टाकलं: 'यांनी खाल्लं काय?' मी तीन पानी उत्तर दिलं. कल्पनेचं स्वातंत्र्य वगैरे. आज ते आठवलं की कानशिलं तापतात. तो माणूस बरोबर होता, आणि मी त्याला साधं 'चुकलो' असं कधी लिहिलं नाही. आता तो हयात नाही.

दुसऱ्या कादंबरीला मग नऊ वर्षं लागली. संपादक म्हणाले, चहाच्या मोबदल्यात घोड्यांचे सौदे कोण वाचणार, दोन द्वंद्वयुद्धं घाला. मी घातली नाहीत. चीनच्या सोंग राजवटीला घोड्यांचे चांगले कुरणप्रदेश हाताशी नव्हते, म्हणून सिचुआनचा चहा देऊन तिबेटी घोडे घ्यावे लागत. १०७४ मध्ये त्यासाठी खास सरकारी खातं निघालं. माझी नायिका त्या खात्यात कारकून होती. पुस्तक फारसं खपलं नाही. लोक म्हणतात मी संशोधनात रुतलो. रुतलो असेन! पण त्या कारकुनीने घोड्याचे दात बघून वय ओळखलं ते पान मी आजही बदलणार नाही. बरं, हे तुला का सांगतोय? तू विचारलं नव्हतंस.

तर अधिकार. ज्याने तुला चोर म्हटलं त्याला उत्तर देऊ नकोस, पण त्याचा राग अगदीच फुकटचा आहे असंही समजू नकोस. नुसते पोशाख उचलून नेणारे त्याने पुष्कळ पाहिले असतील. तू राणीचा पोशाख पानभर रंगवलायस, आणि तिच्या घोड्यांना दाणा घालणाऱ्या पोराला नावसुद्धा नाही.

नकाशा सोबत परत पाठवतोय. वाळवंटात पेन्सिलने तीन टिंबं केली आहेत, विहिरींची. तिसरीवर दुसऱ्या टोळीचा कब्जा असेल, असं मला वाटलं. पटलं नाही तर खोडून टाक. फक्त मग चौथ्या दिवशी घोडे पडायला लागतील, तेवढं बाराव्या पानावर लिही आणि मला पाठव.

तुझा,
काका