नागपुरातल्या जुन्या माध्यमिक शाळेचा दहावीचा निकाल पाहून तिचा दर्जा कळतो का?

एका वर्षाच्या टक्क्यावरून अजिबात नाही. कारण निकालाची मोजपट्टीच दर काही वर्षांनी बदलत आली आहे. १९७५ पर्यंत आपल्याकडे अकरावी मॅट्रिक होती. त्यानंतर दहावीची परीक्षा आली. २०१० पासून सहापैकी उत्तम पाच विषयांचे गुण धरले जातात, म्हणून त्याआधीच्या ७५ टक्क्यांची आजच्या ७५ शी तुलना नको.

२०१९ आठवा. भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे गुण काढले आणि राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. नागपूर विभाग ६७.२७ टक्के, राज्यात तळाला! पुढच्या वर्षी ते गुण परत दिले, तर राज्याचा निकाल ९५.३०. एवढ्यात शिक्षक काही बदलले नव्हते. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही, ९९.९५ टक्के पास. म्हणून किमान पाच वर्षांचे निकाल घ्या, प्रत्येक वर्षी विभागाच्या सरासरीशी ताडून पाहा. आणि मुख्य म्हणजे नववीत किती मुलं होती नि दहावीला किती बसली, हे शाळेत जाऊन विचाराच. कच्ची मुलं नववीतच गळाली असतील, तर शंभर टक्क्यांना काय अर्थ?

इतिहासाचं म्हणाल, तर स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८४६ मध्ये, भोसल्यांचं राज्य असताना, इथे शाळा काढली. पण शाळा जुनी म्हणून शिकवणं चांगलं, असं मी धरत नाही.