कबरा बोका आणि मिठाळलेली भाटी

(रोलप्लेसाठी, म्हणजे ऑनलाइन गटात पात्र होऊन कथा खेळण्यासाठी, मांजरांची पात्रं रचणाऱ्या वाचकांची पत्रं यंदा बरीच आली. त्यांतल्या तीन प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत.)

माझं पात्र काळा-नारिंगी-पांढरा असा तिरंगी बोका आहे आणि टोळीतली चार पिल्लं त्याची आहेत. ॲडमिन म्हणतात, असं होऊच शकत नाही. खरं काय? — एक वाचक, नाशिक

ॲडमिन अर्धे बरोबर आहेत. नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. भाटीकडे दोन एक्स असतात; त्यांतला एक नारिंगीचा आणि दुसरा काळ्याचा असू शकतो. गर्भातच प्रत्येक पेशीत त्यांतला एक बंद पडतो, म्हणून काही ठिकाणी काळा केस उगवतो आणि काही ठिकाणी नारिंगी. बोक्याकडे एकच एक्स, त्यामुळे त्याला एकच रंग. तिरंगी मांजरांत साधारण 3000 मागे एक बोका निघतो. त्याच्याकडे बहुधा एक्स-एक्स-वाय अशी तीन लिंग-गुणसूत्रं असतात आणि तो जवळजवळ नेहमीच वांझ असतो. चार पिल्लं अडतात ती इथे.

पिल्लं हवीच असतील तर त्याला कायमेरा करा: एक काळा आणि एक नारिंगी असे दोन नर भ्रूण गर्भात एकत्र येऊन झालेला बोका. असा बोका बाप होऊ शकतो. मात्र पिल्लांचे रंग जपून ठरवा. बाप मुलग्याला वाय देतो, एक्स नाही, त्यामुळे मुलगे काळे की नारिंगी हे फक्त आईवरून ठरतं. बापाचा नारिंगी फक्त मुलींकडे जातो, तोही ज्या शुक्रपेशी नारिंगी भ्रूणाच्या वंशातल्या असतील त्यांच्याकडूनच.

चित्र काढताना दोन चुका सर्रास होतात. नारिंगी भाग सपाट रंगवतात, पण नारिंगी मांजरावर पुसट का होईना पट्टे दिसतातच, निदान कपाळावर आणि शेपटीवर. दुसरी चूक ठिगळांची. अंगावर पांढरं जितकं जास्त, तितकी काळी-नारिंगी ठिगळं मोठी आणि सुटी. पांढरं नसेल तर दोन्ही रंग चिवड्यासारखे एकमेकांत मिसळलेले असतात.

फिनलंडमधल्या ‘सालमियाक’ मांजरीबद्दल वाचलं. तिचा रंग शब्दांत नेमका कसा मांडायचा? — एक वाचक, ठाणे

दुर्मिळ पात्रासाठी आमची पहिली पसंती हीच. सालमियाकी ही फिनलंडमधली खारट, काळी ज्येष्ठमधाची गोळी. मांजरीचं नाव त्यावरून पडलं. अशी मांजरं तिथे 2007 मध्ये लक्षात आली आणि 2024 मध्ये कारण छापून आलं: ‘किट’ या जनुकाच्या जवळचा डीएनएच्या सुमारे 95,000 अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. हा गुण सुप्त आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो. दोघेही नुसते वाहक असतील तर ते साधे दिसतात आणि दर पिल्लामागे शक्यता चारात एक. ‘आईकडून आलं’ एवढं लिहून भागणार नाही.

आता रंग. गळा, पोट आणि पंजे पांढरे. उरलेल्या अंगावर प्रत्येक केस मुळाशी काळा आणि टोकाकडे पांढरा होत जाणारा. शेपटीचं टोक जवळपास पांढरंच. पुष्कळ जण ‘धुरकट काळी’ लिहून मोकळे होतात, पण धुरकट म्हणजे स्मोक मांजराचा केस नेमका उलटा असतो: मूळ पांढरं, टोक काळं. चित्रात पांढरे ठिपके टाकू नका. आधी सगळा भाग काळा भरा, मग केसांच्या दिशेने बारीक पांढऱ्या रेघा ओढा, पण प्रत्येक रेघ केसाच्या मध्यावरून सुरू करा. मजकुरात याचा असा उपयोग होतो: ‘वारा उलटा फिरला आणि तिच्या पाठीवर काळी रेघ उघडली.’

सयामी पात्राचा रंग कथेत बदललेला दाखवता येईल का? — एक वाचक, बेळगाव

येईल. सयामीचं रंग बनवणारं विकर गार त्वचेवरच नीट चालतं, म्हणून कान, नाक, पंजे आणि शेपूट गडद. पिल्लं जन्मतात ती जवळजवळ पांढरी, कारण आईच्या पोटात सगळीकडे ऊबच. म्हणजे जखमेसाठी कूस भादरली आणि दिवस थंडीचे असले, तर तिथले नवे केस गडद येतात. तो डाग केस गळून पुन्हा आले की जातो. वयानुसार अंगही गडद होत जातं.

डोळे मात्र निळेच ठेवा. हिरव्या डोळ्यांचं सयामी पात्र आम्ही तरी नापास करू. हिरवट निळे हवे असतील तर टॉन्किनीज जातीचं मांजर घ्या. आणि तिरंगी बोका, सयामी टोकं, वर एक डोळा सोनेरी असं सगळं एकाच मांजरावर लादू नका. एका पात्राला एक दुर्मिळपणा पुरतो.